चढाचे कलम कुठे गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सार्वजनिक बस ठरावीक मुदतीत विजेवर आणण्याची सक्ती कायद्यानेच करावी, असा आग्रह धरणारा आपला कालचा अग्रलेख वाचला. आग्रहाला माझा विरोध नाही. ज्या जावळीची गावे कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या शिवसागर जलाशयाखाली गेली, तेथल्या माणसाला विजेचे वावडे असण्याचे कारण नाही. राज्याच्या २०२१ च्या धोरणात २०२५ पर्यंत एसटीच्या १५ टक्के गाड्या विजेवर आणण्याचे उद्दिष्ट होते. पण धोरण पाळले नाही म्हणून कोणाला कोर्टात खेचता येत नाही, हे आपले म्हणणेही पटते.

मात्र कॅलिफोर्नियाचा दाखला आपण ज्या ऐटीत दिला आहे, तो अर्धाच आहे. मुळात तो विधिमंडळाचा कायदा नसून तेथील हवा संसाधन मंडळाने डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर केलेला नियम आहे. २०२९ पासून घेतली जाणारी प्रत्येक नवी बस शून्य उत्सर्जनाची आणि २०४० पर्यंत सगळा ताफा तसा, हे आपण ठळक अक्षरांत छापले. परंतु उपलब्ध विजेरी बस चढ चढायला अपुरी पडत असेल, दिवसभराचे अंतर तिला झेपत नसेल किंवा चार्जिंगच्या सोयीचे बांधकाम रखडले असेल, तर परिवहन संस्थेला सूट मागता येते, हेही त्याच नियमात आहे. ते बहुधा जागेअभावी राहिले असावे.

गेल्या मे महिन्यात पत्नीची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उरकून आम्ही साताऱ्याहून घाटमाथ्यावरच्या गावी परतत होतो. पाचची बस विजेवरची लागली. ती कोणत्या सेवेची हे लिहीत नाही, कारण नाव छापले की बालंट चालक-वाहकावरच येते. हिरव्या नंबरप्लेटवर पिवळी अक्षरे, आत गारवा, इंजिनाची घरघर नाही. काळ्या चष्म्याआडूनही पत्नी खूश दिसली. सव्वापाचला चालक येऊन बसले, समोरच्या पडद्याकडे पाहिले आणि खाली उतरले. चार्जिंग ३८ टक्के होते. चार्जर एक आणि रांगेत गाड्या तीन, त्यामुळे दुपारच्या फेरीनंतर या गाडीच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटे आली होती. "सपाटीला नेली असती, घाटात नाही नेणार," असे ते म्हणाले, आणि त्यांचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. चालक ठेकेदाराचा आणि वाहक सेवेचा असल्याने पुढचा तास दोघांच्या साहेबांनी एकमेकांकडे बोट दाखवण्यात गेला. साडेसातला डिझेलची जुनी गाडी आली, तीही आधीच खच्चून भरलेली. पत्नीला उठून जागा दिली ती एका कॉलेजच्या मुलीने. त्यासाठी तिला कोणत्याही कलमाची गरज पडली नाही.

तेव्हा कायदा करायचाच असेल तर किती बस घेतल्या याच्या जोडीला किती फेऱ्या वेळेवर सुटल्या, हेही जाहीर करण्याची सक्ती त्यात असावी, आणि आगारात पुरेसे चार्जर उभे राहून चालू होईपर्यंत त्या मार्गावरची डिझेल गाडी भंगारात काढता येऊ नये. घाटमार्गांचे कलम तर वेगळेच हवे. चढावर सपाटीपेक्षा कितीतरी जास्त वीज लागते. उतारावर ब्रेक लावताना त्यातली थोडी बॅटरीत परत येते हे खरे, पण त्यासाठी आधी माथा गाठावा लागतो.

जाता जाता आणखी एक. अग्रलेखासोबतच्या छायाचित्राखाली 'केळघर घाट' असे छापले आहे, परंतु ते छायाचित्र वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटाचे आहे. याविषयी मी आपल्या कार्यालयात दूरध्वनी केला, तेव्हा "दोन्ही घाट महाबळेश्वरकडेच जातात ना?" असे उत्तर मिळाले. दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ता. जावळी, जि. सातारा