तपासणीआधी धोकेही सांगावेत

महोदय,

परळी, केज, धारूर भागांतील रुग्ण सीटी स्कॅनसाठी अंबाजोगाई किंवा लातूर गाठतात, तेव्हा चित्रे स्पष्ट यावीत म्हणून शिरेतून आयोडीनयुक्त औषध टोचण्यापूर्वी त्यांच्यापुढे इंग्रजी संमतिपत्र ठेवले जाते आणि नातेवाईक ते न वाचताच सही करतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. या औषधाचा बहुतेकांना त्रास होत नाही. मात्र क्वचित तीव्र ॲलर्जी होऊन श्वास कोंडतो, आणि ज्यांची मूत्रपिंडे आधीच अशक्त आहेत त्यांची अवस्था आणखी बिघडू शकते. ही दुसरी शक्यता आपल्याकडे विशेष गांभीर्याने घ्यायला हवी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्यांच्या शरीरातील पाणी कमी झालेले असते, गुडघेदुखी-कंबरदुखीवर दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने घेतल्या जातात, आणि त्यात मधुमेह असेल तर आधी मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी क्रिएटिनिनची साधी रक्ततपासणी करणे व मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध सुरू आहे का हे विचारणे अत्यावश्यक ठरते. (आवश्यक स्कॅन टाळावा, असे माझे म्हणणे मुळीच नाही, निदान लांबल्याने होणारे नुकसान बहुधा अधिक मोठे असते.)

उपचाराचे स्वरूप, फायदे, पर्याय आणि मोठे धोके सांगूनच संमती घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधील एका निकालात स्पष्ट केले आहे. आरोग्य विभागाने शासकीय व खासगी केंद्रांत मराठी संमतिपत्र सक्तीचे करावे आणि निरक्षर रुग्णाला ते वाचून दाखवल्याची नोंद केसपेपरवर घेण्याचा आदेश काढावा.

– एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)