बाबा, शनिवारी डॉक्टरांकडे जायचंय
आई, बाबा, साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी "मला वेडा ठरवायला निघालीस का" म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात, तेव्हापासून चैन नाहीये मला, म्हणून लिहून पाठवतेय, बोलायला गेलं की रडू येतं आणि सांगायचं ते राहूनच जातं.

वेडं ठरवायला नाही हो. तुम्ही विल कराल आणि उद्या कोणी कोर्टात म्हणेल की त्यांना तेव्हा काही समजतच नव्हतं, ते होऊ नये म्हणून मन ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट घ्यायचंय, एवढंच. काकांचं आठवतंय ना? विल त्यांनी स्वतः सांगून लिहून घेतलं होतं पण तेव्हा ते आजारी होते आणि डॉक्टरचा एक कागद जोडलेला नव्हता, तेवढ्यावरून चुलतभावंडं आज गणपतीलाही एकमेकांकडे जात नाहीत.

गेल्या महिन्यात सही जुळत नाही म्हणून चेक परत आला, तेव्हा तुम्ही कालनिर्णयच्या मागच्या पानावर अकरा वेळा सही केलीत, आईने फोटो पाठवला होता. हात थरथरतो, डोकं जागेवर आहे, हे मला माहितीये, पण परक्या माणसाला फक्त ती सही दिसते.

वकिलांना विचारलं मी. 1925 च्या उत्तराधिकार कायद्यात एवढंच आहे की मन ठिकाणावर असलेला सज्ञान माणूस विल करू शकतो. सकाळी भाजी कोणती होती हे विसरलात तरी अडत नाही बाबा, तुमचं काय काय आहे, आपली माणसं कोण, आणि या कागदाने कोणाला काय जाणार, हे कळलं पाहिजे बस. आणि विलबद्दल शंका निघाली तर ती दूर करायची जबाबदारी विल पुढे आणणाऱ्याची, हे सुप्रीम कोर्टाने 1958 मध्येच सांगून ठेवलंय, म्हणजे उद्या ते माझ्यावर आणि दादावर येणार.

डॉक्टर मानसोपचाराचे आहेत, मराठी येणारेच शोधलेत, कारण गुजराती तुम्ही जन्मभर बोललात तरी हिशोब मराठीतच करता. तारीख-वार विचारतील, 100 मधून 7-7 वजा करायला सांगतील, तीन शब्द लक्षात ठेवायला देतील, घड्याळ काढायला लावतील. त्यातली एक टेस्ट 30 मार्कांची असते पण नुसत्या मार्कांवर काही ठरत नाही, खरं महत्त्व गप्पांना, दांडिया बाजारचं घर कोणाला आणि का, हे तुमच्याच शब्दांत लिहून घेतील. त्या वेळी मी आत नसेन, दादाही नाही, आई तूही बाहेर बस. आणि कृपा करून त्यांची तयारी करून घेऊ नकोस, पाठ केलेलं उत्तर डॉक्टरांना लगेच कळतं.

सकाळी 10 ची वेळ घेतलीये, बाबा तेव्हा फ्रेश असतात. नाश्ता करून जायचं, नवा चष्मा, कानाच्या मशीनचे नवे सेल, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत. बी12, थायरॉइड, सोडियम आणि लघवीची तपासणी आधी उरकून घ्या, त्यात काही गडबड असली तरी माणूस गोंधळतो आणि ते औषधाने सुधारतं, उगाच डोक्यावर शिक्का नको.

सर्टिफिकेट मिळालं की एक-दोन दिवसांतच विलवर सही करू, दोन साक्षीदार लागतातच, ज्यांना काही मिळणार नाही असेच घेऊ. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही तरी करूया. दादा म्हणतो मुखत्यारपत्र करू म्हणजे झालं, पण मन ठिकाणावर राहिलं नाही की तेही आपोआप संपतं आणि मग कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो, म्हणून माझी घाई आहे बाबा, दुसरं काही नाही. घर कोणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मला सांगूही नका.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येतेय. शनिवारी संध्याकाळी आपण सूरसागर तळ्याला चक्कर मारू.

आणि ते सह्यांचं पान टाकू नका, मला हवंय.

तुमची,
मोठी