मालवणच्या डबक्यातला मासा बाटलीत भरू नका

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत कोकणात कुठे जावे, हे सांगणारी आपली पर्यटन पुरवणी वाचली. राहण्याजेवणाचे सगळे आले आहे, पण ओहोटीला खडकांवर उतरणाऱ्यांनी काय करू नये, यावर एक ओळही नाही. म्हणून हे पत्र.

गेल्या दिवाळीत आम्ही मालवणला गेलो होतो. रॉक गार्डनच्या खडकांत ओहोटीला पाण्याची डबकी राहतात. तिथे उकिडवी बसलेली माझी नात ओरडली, "आजी, दगडाला डोळे आहेत!" मी वाकून पाहिले, मला काही दिसेना. करडा खडक, त्यावर शेवाळाचे तपकिरी डाग. मग त्यातला एक डाग जरासा सरकला आणि पुन्हा खडक झाला. बोटाएवढा मासा! नान्नजच्या माळावर शाळेतल्या मुलांना टिटवीची अंडी दाखवताना असेच व्हायचे. मुरमाच्या खड्यांत अंडी समोर असायची, तरी कुणाला दिसायची नाहीत.

हा गोबी कुळातला मासा. पोटाखालचे दोन पर जुळून त्याची वाटी झालेली असते, तिने तो खडकाला धरून राहतो. याच कुळातल्या एका जातीवर अमेरिकेतील संशोधक लेस्टर अरॉन्सन यांनी केलेले प्रयोग १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत दिसले ते असे: भरतीत खडक बुडालेले असताना त्या जातीचा मासा त्यांच्यावरून हिंडतो आणि खळगे कुठे आहेत ते लक्षात ठेवतो. ओहोटीत कुणी मागे लागले, की पलीकडचे डबके दिसत नसतानाही नेमका त्यातच उडी मारतो. एवढासा जीव, पण आपल्या खडकाची वाट न् वाट त्याला पाठ!

मालवणच्या डबक्यातला तो मासा माझ्या नातवाने पाण्याच्या बाटलीत भरला. मी अडवले नाही. उलट, "शाळेत दाखव" म्हणाले. गगनबावड्याला चहाला थांबलो तेव्हा तो पोट वर करून तरंगत होता. डबक्यातले पाणीही उन्हात तापते, पण साधारण साडेबारा तासांनी समुद्र तिथे नवे पाणी आणून ओततो. बाटलीत ते कुठून येणार? कोल्हापूर येईपर्यंत नातू बोलला नाही. बत्तीस वर्षे मुलांना शिकवले आणि ऐन वेळी मला हे सुचू नये, याचे वाईट अजून जात नाही.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ चे आहे. तिथल्या प्रवाळाला (पोवळ्याला) वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत स्थान आहे, आपल्या माळढोक पक्ष्याच्याच पंक्तीला. माळढोकसाठी हळहळणारे आपण सोलापूरकर स्नॉर्केलिंग करताना, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगून खाली पाहताना, दम लागला की त्याच प्रवाळावर पाय टेकतो. गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढते आणि त्याच्या कपारींत असेच इवले मासे राहतात.

पुढच्या पुरवणीत एवढे जरूर छापा: दगड उलटलात तर पुन्हा होता तसा ठेवा, मासा पाहा आणि तिथेच राहू द्या, प्रवाळावर उभे राहू नका. जागा कमी पडली तर हॉटेलांच्या यादीतले एखादे नाव गाळा. पण हे सुट्टी लागण्याआधी येऊ द्या.

– एक निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर