मोटर किलोवर घेऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लाकूडकामासाठी घरच्या घरी सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारे यंत्र) जोडणाऱ्यांचा दुकानातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती किलोची मोटर आहे?’ बटाटे घ्यावेत तसा हा हिशेब! स्टेपर मोटरवर (एकेक ठरावीक पाऊल, म्हणजे स्टेप, टाकत फिरणारी मोटर) लिहिलेला १९ किलो-सेंटीमीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ती जागेवर उभी असतानाचा असतो. फिरायला लागली की तो उतरत जातो. किती उतरेल, ते वाइंडिंगचा (मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्याचा) इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या बदलाला होणारा विरोध, आणि सप्लायचे व्होल्टेज ठरवतात.

५ मिलिमीटर पिचच्या, म्हणजे एका फेऱ्यात तेवढे पुढे सरकवणाऱ्या, बॉलस्क्रूवर (आटे असलेल्या दांड्यावर) मिनिटाला ३ मीटर वेग हवा असेल तर मोटर ६०० आरपीएमने फिरणार. एका स्टेपला १.८ अंश फिरणाऱ्या मोटरला तेव्हा एका स्टेपसाठी जेमतेम अर्धा मिलिसेकंद मिळतो. तेवढ्यात वाइंडिंगमध्ये पुरेसा करंट चढला नाही तर टॉर्क येणार कुठून? १२ व्होल्टवर ३.६ मिलिहेन्रीच्या मोटरमध्ये तो चढतच नाही. डेटाशीटवर ३.२ व्होल्ट पाहून पुष्कळ जण जास्त व्होल्टेज द्यायला बिचकतात, पण करंटला लगाम घालायचे काम ड्रायव्हरचे (मोटर चालवणाऱ्या सर्किटचे). मिलिहेन्रीचे वर्गमूळ काढून ३२ने गुणावे, ती व्होल्टेजची वरची मर्यादा. ३.६ला साधारण ६० येते.

दोन बाय तीन फुटांच्या टेबलाला नेमा २३ (२.३ इंची चौकोनी तोंडाची मोटर) भरपूर झाली. इंडक्टन्स ४ मिलिहेन्रीच्या आत, करंट ३ ते ४ अँपिअर. ड्रायव्हर ५० व्होल्टचा असेल तर सप्लाय ३६चा ठेवावा, कारण वेग झटकन कमी होताना मोटर जनरेटरसारखी वीज उलटी ढकलते. त्याहून मोठ्या नेमा ३४चा मोह नको. रोटर जड, इंडक्टन्स बहुधा जास्त, आणि त्याच छोट्या ड्रायव्हरवर ती नेमा २३पेक्षाही लवकर दम टाकते. पैसे उरले तर चांगल्या सप्लायवर घालावेत. गँट्रीला (टेबलावरच्या सरकत्या कमानीला) दोन्ही बाजूंना मोटर असेल तर दोन्ही एकाच मॉडेलच्या घ्याव्यात. झेडला (वर-खाली सरकणाऱ्या अक्षाला) बॉलस्क्रू असेल तर वीज जाताच स्पिंडल (कापणारे हत्यार फिरवणारा भाग) खाली घसरू शकतो, तिथे ब्रेकची मोटर हवी. आणि सप्लाय चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नये, ड्रायव्हर जळतो.

जोडणी झाल्यावर डायल गेज (बारीक अंतर दाखवणारे काट्याचे मापक) लावून शून्य घ्यावे, टेबल पूर्ण लांबीत वीस-पंचवीस वेळा पळवावे आणि परत शून्यावर आणावे. स्टेपर अडखळली की चार-चार फुल स्टेपच्या पटीतच सरकते. ५ मिलिमीटर पिचवर ते अंतर नेमके ०.१ मिलिमीटर. काटा ०.१ किंवा ०.२ने सरकलेला दिसला तर ॲक्सिलरेशन कमी करावे. फरक ०.०३ असेल तर मोटरला दोष न देता आधी कपलिंगचे (मोटर आणि बॉलस्क्रू जोडणाऱ्या तुकड्याचे) ग्रब स्क्रू आवळून पाहावेत.

आपला,
एक वाचक, पुणे