जेवन व्हयनं का?

अमळनेर,
रविवार, रात्री

चि. मयूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवल्यापासून डोळ्याला डोळा नाही. आजीनं तुला अहिराणीत विचारलं, "जेवन व्हयनं का?" तू मराठीत म्हणालीस, "हो आजी, झालं." बस, एवढंच. आजीला काही वाटलं नाही, ती गोधडी ओढून झोपली. मीच फोन हातात धरून बसले. महिन्यापूर्वी तू "व्हयनं ना, माय" म्हणाली असतीस.

हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. आधी भुसावळचं बोलते. गाडी लागलेली, नाना बॅगा चढवताहेत आणि मी म्हणाले, "गेलीस की गेलीस, तू काय आता परत येतेस!" जाणाऱ्या लेकीला असं बोलतं का कुणी? तू खिडकीतून मान वळवून पाहिलंही नाहीस. बी.एड. कर, एमपीएससी दे, हा धोशा चार वर्षं मीच लावला. इतिहास शिकायला कुणी अमेरिकेला जातं का, हेही माझंच.

तू गेल्यावर फडताळातली तुझी निळी वही काढून वाचली. न विचारता वाचली, राग धरू नकोस. त्यातल्या इतिहासकार गर्डा लर्नर बाई डोक्यातून जाईनात. १९२० सालचा जन्म, व्हिएन्नाचं ज्यू घर. १९३८ ला नाझी आले आणि ही पोर सहा आठवडे तुरुंगात. अठरावा वाढदिवस कोठडीतच. ज्यूंना जेवण कमी द्यायचे, तर सोबतच्या दोघी आपल्या घासातला घास हिला देत. तिथं मी वही मिटून ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. तुझ्या अठराव्याला आपण शेवभाजी केली होती, आठवतं?

मग १९३९ ला एकटी अमेरिकेत. हॉटेलात वाढपी, दुकानात विक्रेती, एक्सरे काढायचं काम. आईला तिकडे आणायची खटपट केली, जमलं नाही. आई युरोपातच राहिली आणि १९४८ ला गेली. तू हे दोन ओळींत उरकलंयस, मी तेवढंच चारदा वाचलं.

आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर, दोन पोरांची आई असताना, ती कॉलेजात जाते! १९६३ ला बी.ए. आणि त्याच वर्षी, अजून विद्यार्थिनीच असताना, बायकांच्या इतिहासाचा वर्ग घेते. तेव्हा तसा वर्ग कुठं नव्हताच म्हणायचा. सेहेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी. माझं बी.ए. दुसऱ्या वर्षाला सुटलं ते तुझ्या वेळी. पुढं डी.एड. झालं, नोकरी लागली, बी.ए. राहिलं ते राहिलंच. मी आज एकावन्नची. तुला हे कधी बोलले नाही. मॅडिसनच्या विद्यापीठात १९८० ला आल्यावर त्या बाईंनीच बायकांच्या इतिहासाची पीएच.डी. सुरू केली आणि माझी पोर आज त्याच गावात आहे, हे काल शाळेत सगळ्या बाईंना सांगून आले. धरणगावच्या मावशीलाही कळवलंय, ती काय म्हणाली ते सोड.

पण वहीत शेवटच्या पानावर तूच लिहिलंयस, की इंग्रजीत जगता जगता तिची जर्मन सुटत गेली आणि उतारवयात तिनं त्याबद्दल लिहिलं. झालं, मी पुन्हा तिथंच आले.

तुझी पणजी १९३६ च्या डिसेंबरात न्हावीहून चालत फैजपूरला गेली होती. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. पोरांना मी एवढंच शिकवते, पुस्तकात एवढंच असतं. पणजी तिथं भाकऱ्या थापत होती. तळहाताला फोड आले, ते फोडून त्यावर पीठ लावून पुन्हा थापायला बसली. हे कुठं लिहिलेलं नाही, नुसतं आजीच्या तोंडी आहे, आणि आजी ते अहिराणीतच सांगते. मी मराठीत सांगायला गेले की ते फोड कोरडे होतात. बायकांचा इतिहास लिहिणारी पोर आजीला "हो, झालं" म्हणाली, तर आजी सांगणार कुणाला?

शाळेत बोलल्यासारखं बोलतेय ना मी? चुकलं. थंडी सुरू व्हायच्या आत जाड बूट घे, पैशाकडे बघू नकोस. बिबडे संपले का? डबा नीट लावत जा, सादळतात.

एक सांगायचं राहिलं. यंदा कानबाईच्या सणाला आजीनं रोटांचे गहू मोजले. आपल्याकडे मुठी पुरुषमाणसांच्या नावानं घेतात, तुला माहीत आहे. नानांची झाली, दादाची झाली. मग आजीनं आणखी एक मूठ टाकली, "आंडेरनी", म्हणजे लेकीची, म्हणाली, आणि जात्याकडे वळली. काकू बघत राहिल्या, बोललं कुणी नाही. तुझ्या वाटचा रोट मी खाल्ला.

मंगळवारी जळगावला आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मोतीबिंदूच आहे, घाबरू नकोस. इथल्या रात्री आठला फोन कर. डोळ्यावर पट्टी असेल. तिला तू दिसणार नाहीस, नुसती ऐकू येशील.

तुझी,
आई