नाल्यात गाडी घालण्याआधी

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. नवी थार घेतलीस, जुलैत मनालीहून स्पीतीतल्या काझाला जातोयस, सोबत वहिनी आणि दोन्ही मुलं. वाचून फार आनंद झाला. पण वाटेतल्या ग्राम्फू ते बातल रस्त्यावरच्या नाल्यांबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, ‘फोर-बाय-फोर आहे, तेव्हा पाण्याची चिंता नाही.’ ती वाचल्यापासून मला चैन नाही. म्हणून हे पत्र लांबणार आहे, पण शेवटपर्यंत वाच.

फोर-बाय-फोरमध्ये इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते. ती कामी येते ती चाक जमिनीवर दाबून बसलेलं असेल तरच, आणि ते दाबून बसतं गाडीच्या वजनामुळे. पाणी नेमकं हे वजनच काढून घेतं. हिशोब करून बघ. केबिनचा तळ सव्वादोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धर. पाणी तळाच्या वर २० सेंटिमीटर आलं आणि अजून आत शिरलेलं नसेल, तर जवळजवळ पावणेसातशे किलो वजन पाण्याने उचललेलं असतं. तुझी गाडी पावणेदोन टनांच्या आसपास. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त वजन गेलं, आणि त्याच वेळी धार बाजूने ढकलते आहे. धारेचा वेग दुप्पट झाला की तो रेटा चौपट होतो. अमेरिकेची हवामानसेवा लोकांना सांगते की ३० सेंटिमीटर वाहतं पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकतं आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक सगळ्या गाड्या नेतं, एसयूव्हीसुद्धा. सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्याकडे उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी वाहत असताना एसटी बस गेली, ती वाहून गेली आणि माणसं दगावली. बसचं वजन तुझ्या गाडीच्या कितीतरी पट.

थारच्या माहितीपत्रकात ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता लिहिलेली आहे. फोर्सच्या गुरखा गाडीची ७०० आहे, तिला हवा ओढायची नळी वर छपराकडे नेलेली असते. हे आकडे खोटे नाहीत, पण ते इंजिनाला पाणी लागू नये म्हणून आहेत. धारेत गाडी जागेवर टिकेल की नाही, हे त्या आकड्यात नसतं. संथ तळ्यातले ६५० आणि हिमनाल्यातले ६५० यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर गाडी घालायची नाही, हा माझा नियम आहे. मुलं गाडीत असतील तर तुझा त्याहूनही कडक हवा.

तिकडच्या नाल्यांना घड्याळ असतं, हे आपल्या कोकणातल्या ओढ्यांवर वाढलेल्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. आपल्याकडे पाऊस पडला की ओढा चढतो. तिथे आभाळ निरभ्र असताना, लख्ख उन्हात नाला चढतो, कारण वरचा बर्फ वितळत असतो. ते पाणी रस्त्यापर्यंत यायला काही तास लागतात, म्हणून जोर दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत, आणि सर्वांत कमी पाणी पहाटे. एकच नाला सकाळी सातला घोट्याएवढा आणि दुपारी चारला मांडीएवढा असू शकतो. म्हणून मनालीत राहून निघू नकोस. अटल बोगद्यामुळे आता पलीकडे जाणं सोपं झालंय, आदल्या रात्री सिस्सू किंवा कोकसरला मुक्काम कर आणि उजाडताच निघ. छतरू, छोटा दर्रा आणि बातलच्या आसपासचे नाले सकाळीच ओलांडून मोकळा हो. परत येताना कुंझुम खिंडीच्या अलीकडे लोसरला राहून तेच कर. मात्र रात्री पाऊस झाला असेल तर पहाटेचा भरवसा धरू नकोस.

नाल्यापाशी पोहोचलास की गाडी मागे उभी कर आणि उतर. समोरून ट्रक किंवा टेम्पो येणार असेल तर थांबून त्याची चाकं किती बुडतात आणि तो कुठे डुलतो ते बघ. पाणी जिथे रुंद पसरून खळाळतं तिथे ते बहुधा उथळ असतं, आणि गुळगुळीत, काळपट दिसतं तिथे खोल. पाण्यावर इंग्रजी व्हीसारखी रेघ उमटली आणि तिचं टोक वरच्या अंगाला असलं, तर त्या टोकाशी दगड आहे. आणि कान दे. तळातून गडगड ऐकू येत असेल तर धार धोंडे लोटते आहे. अशा पाण्यात पाऊलही टाकायचं नाही, गाडी तर दूरच.

एरवी मात्र आधी स्वतः चालून बघायचं. पायात बूट, हातात काठी, तोंड धारेकडे. पाणी इतकं गार असतं की काही मिनिटांत पाय बधिर होतात, तेव्हा रेंगाळू नकोस. तुला चालत ओलांडता येत नाही तिथे गाडीही न्यायची नाही. यात सूट नाही, अव्या. मोकळ्या नदीपात्रात धारेबरोबर किंचित तिरकं उतरावं असं शिकवतात, ते बरोबरच आहे. पण या रस्त्यावर नाले डोंगरातून येऊन रस्ता ओलांडतात आणि खाली चंद्रा नदीकडे पडतात. दरीकडची कड पाण्याने पोखरलेली असते. तिथे डोंगराच्या अंगाचा चाकोरा धरायचा.

मग आत जाताना फोर लो, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद देणारी जोडणी, काठावरच टाक, पहिला किंवा दुसरा गियर. टो हुकला, म्हणजे गाडी ओढायच्या हुकला, पट्टा आधीच अडकवून बोनेटवर आणून ठेव, कारण गाडी अडकल्यावर बर्फाच्या पाण्यात हुक चाचपडत बसणं जमत नाही. काचा खाली, दारांचं लॉक उघडं, सीटबेल्ट सोडलेले. हळू शिर आणि मग चालत्या माणसापेक्षा थोड्याच जास्त वेगाने, एकसारखा जा. त्या वेगात बंपरपुढे एक लाट तयार होते आणि तिच्या मागे, इंजिनापाशी, पाण्याची पातळी जरा खाली बसते. तीच लाट तुझं रक्षण करते. घाईने घुसलास की पाणी उसळून बोनेटवर येतं, थांबलास की लाट पुढे निघून जाते आणि पाणी परत इंजिनाशी चढतं. मध्येच क्लच दाबायचा नाही, गियर बदलायचा नाही.

आणि गाडी पाण्यात बंद पडलीच, तर स्टार्टर मारू नकोस. हे मी हात जोडून सांगतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर येऊ लागला की कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो, आणि डिझेलमध्ये दाब जास्त असल्याने नुकसानही जास्त. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कोल्हापुरात पाण्यात बसलेल्या किती गाड्या माझ्याकडे आल्या. ज्यांनी चावी फिरवली नव्हती, त्यांतली बरीच इंजिनं सुकवून, तेलं बदलून चालू झाली. ज्यांनी ‘बघू तरी सुरू होते का’ म्हणून चावी फिरवली, त्यांतल्या कितीतरी इंजिनांचे ब्लॉक तुटलेल्या रॉडसकट माझ्या टेबलावर आले. म्हणून आधी माणसं बाहेर, मग पट्ट्याने ओढून गाडी काठावर, आणि एअर फिल्टर उघडून बघेपर्यंत चावी खिशात.

पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर जा, म्हणजे ते सुकतील. घरी आल्यावर दोन्ही डिफरेन्शियलचं, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या दंतचक्रांच्या डब्यांचं, तेल काढून बघू. गरम हाऊसिंग गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या नळीतून, आणि सीलमधून पाणी ओढून घेते. तेल दुधाळ झालेलं असेल तर लगेच बदलायचं, नाहीतर बेअरिंग खातं.

वहिनींशी एक गोष्ट आधीच बोलून ठेव. दोघांपैकी एकाने ‘नको’ म्हटलं की नाल्यावरून परत फिरायचं, वाद नाही. त्यासाठी एक दिवस हातात राखून बेत आख. फारच अडलं तर परत येऊन शिमला, रामपूर, नाको, ताबो असा काझाचा दुसरा रस्ता आहे. लांबचा आहे, पण मुलांना ताबोचा हजार वर्षांचा मठ दिसेल.

निघण्याआधी गाडी माझ्याकडे एक दिवस आणून सोड. ब्रीदरच्या नळ्या वर घेऊन देतो, टो हुक तपासतो आणि तुला ओढायचा पट्टा आणि टायर बदलायचा जॅक नीट दाखवतो. शनिवारी आलास तर जेवायलाच थांब.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
दिन्या