कलमाचा चाकू मुलांच्या हाती द्या

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

सहावी ते आठवीच्या मुलांनी वर्षातले दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांच्या हाताखाली शिकावं, असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे. माझ्या नातीच्या वर्गाला त्यासाठी रोपवाटिकेत नेलं. मुलं रांगेत उभी राहिली, फोटो निघाले, खाऊ वाटला गेला. चाकूला कोणी हात लावायचा नाही, अशी ताकीद मात्र आधीच मिळाली होती. मग ती शिकली काय?

मला पहिला चाकू सहावीत मिळाला. दापोली तालुक्यात आमची आंबा-काजूची लहानशी बाग. आजोबा पावसाळ्यात कलमं बांधून विकत. लाकडी मुठीचा, पितळी रिबिटांचा, मिटला की चड्डीच्या खिशात मावणारा तो चाकू त्यांनी बाजारातून मुद्दाम माझ्यासाठी आणला. "ह्याने पेन्सिल तासायची नाय, कैरी कापायची नाय," एवढंच म्हणाले. कैरीने पातं काळं पडतं, हे मला मागाहून कळलं.

सुरुवातीला रोपाजवळ येऊच दिलं नाही. आधी धार. दगडावर पाणी शिंपडून पातं घासायचं आणि अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून बघायचं. घसरलं तर धार नाही, रुतलं तर आहे. मग टाकाऊ काड्यांवर पाचर, म्हणजे काडीचं टोक दोन्ही बाजूंनी निमुळतं तासायचं. काप एका ओढीत, दोन्ही बाजूंनी सपाट यायला हवा. पातं अडखळलं की काप खडबडीत होतो, सांध्यात फट राहते आणि काडी सुकते. माझी पाचर आजोबा उजेडाकडे धरून बघत आणि काही न बोलता बाजूला टाकत. एके दिवशी त्यांनी ती टाकली नाही, थेट रोपात बसवली. तो आनंद मला पुढे कुठल्याच परीक्षेत मिळाला नाही.

कोय कलमाला रोप लागतं रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढणाऱ्या गावठी आंब्याचं, नुकतं रुजलेलं, पानं अजून तांबूस असलेलं. त्याचा शेंडा छाटून मधोमध चीर द्यायची. त्यात तेवढ्याच जाडीची हापूसची काडी, डोळा फुगलेला पण न फुटलेला, पाचर करून बसवायची, सालीला साल जुळवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट आवळायची. हापूसची नुसती कोय रुजवून तसाच आंबा येईल याचा भरवसा नसतो. बागेतलं प्रत्येक हापूसचं कलम कोणाच्या तरी चाकूखालून गेलेलं असतं. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला अभिमान आहे. पण आमच्या पंचक्रोशीत कलम बांधणारे हात आता बहुतेक साठीच्या पुढचे आहेत.

पालकांची भीती मी समजू शकतो. पण बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि तोच निसटून बोटावर येतो. बसूनच काम करायचं, हात थांबला की चाकू मिटायचा, दुसऱ्याला द्यायचा तो मिटूनच, एवढे नियम आम्हा भावंडांना पुरले. धाकट्या बहिणीलाही पुढच्या वर्षी तसाच चाकू मिळाला आणि तिची बांधणी माझ्याहून सरस निघाली.

म्हणून कोकणातल्या शाळांना विनंती, की या दहांपैकी निदान तीन दिवस जुलैत ठेवा. जानेवारीत नेऊन उपयोग नाही, हे कलम पावसाच्या दमट हवेतच नीट जीव धरतं. चार-पाच मुलांमागे एक जाणता कलम बांधणारा असावा, प्रत्येकाला धारदार चाकू मिळावा आणि बांधलेलं कलम त्याने घरी न्यावं. १९७२ पासून दापोलीत कृषी विद्यापीठ आहे, त्यांचं मार्गदर्शन घेता येईल. तालुक्यातली एखादी शाळा तयार असेल, तर रायवळच्या कोयी मी मे महिन्यापासून जमवून ठेवतो, काड्या माझ्या बागेतल्या देतो आणि शिकवायलाही येतो.

आपला,
एक बागायतदार, ता. दापोली